शहाण्णव कप

कोपरखैरणे
८ जानेवारी २०२५

शुभदा मॅडम,

मानसिंग बर्गेचा नमस्कार. पावणे एमआयडीसीतल्या लॅबमध्ये तुमची द्रावणं करून देणारा मानसिंग. अक्षर पाहूनच ओळखलं असेल, बाटल्यांच्या लेबलांवर चार वर्षं तुम्ही हेच वाचलंत. फोन लावून पाहिला, पण तुम्ही मला ब्लॉक केलेलं दिसतंय. बरोबरच केलंत. पोस्टाला मात्र ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा रस्ता धरला. पाकीट घ्यायला गेलो तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "काका, कोर्टाचं हाय का काय?" साधं पत्र आहे म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निरखून पाहिलं.

पत्ता आपल्या लॅबमधल्या निखिलनं दिला. तुम्ही खांदेश्वरला आईवडिलांकडे असता आणि नीटच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवता, हेही त्यानंच सांगितलं. मुलं दंगा करत असतील तर त्यांना तुमचा तो एक कटाक्ष द्या, ज्यानं आमच्या सुनीती मॅडम लॅबच्या प्रमुख असूनही वाक्य अर्धवट सोडायच्या.

बातमी अशी, की तुमची शहाण्णव कपांची प्लेट चालली.

सावकाश सांगतो. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या प्रोटीनची फाइल सुनीती मॅडमना डिसेंबरअखेर बंद करायची होती. तीन वेळा प्लेट लावली, तिन्ही वेळा एकही कप लागला नाही, "स्क्रीनची आखणी सदोष" म्हणजे तुमचा तक्ताच चुकला, असा शेरा तुम्ही जाण्याआधीच फाइलवर पडला होता. पण उणे ऐंशीच्या फ्रीजमध्ये प्रोटीनच्या ढेकळांच्या काही नळ्या उरल्या होत्या. सुनीती मॅडम निखिलला म्हणाल्या, "फेकण्याआधी एकदा शेवटचं करून टाक, म्हणजे विषय मिटला." निखिलनं तुमचाच तक्ता काढला. मी तुमचेच शहाण्णव कप भरले, प्रत्येकात वेगळं पाणी. ढेकळं युरियात विरघळवून त्यानं प्रत्येक कपात थेंब थेंब सोडली आणि झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पासष्ट कप ताकासारखे गढूळ. उरलेले एकतीस स्वच्छ. स्वच्छ दिसला म्हणजे घडी बरोबर पडली असं नाही, हे तुमचंच वाक्य, म्हणून त्या एकतिसांतले थेंब त्यानं गुठळीच्या दुधी थराच्या बश्यांवर दिले आणि बश्या सदतीस अंशांच्या कपाटात सरकवल्या. जेवण करून आलो. तीनच्या सुमाराला निखिलनं हाक मारली, "काका, इकडं या जरा. हे काय झालंय बघा."

काळ्या कागदावर बशी होती. पांढऱ्या थरात काळे गोल पडले होते. चार. सी-सात, सी-आठ, एफ-दोन आणि जी-अकरा ह्या कपांचे. आरपार, खालचा कागद दिसत होता. आम्ही तिथंच स्टूल ओढून बसलो आणि तासाभरात ते गोल आमच्या डोळ्यांदेखत रुंदावले.

मॅडम, तुम्ही पहिल्या आठवड्यात मला सांगितलं होतंत ते तेव्हा मी नुसती मान हलवून ऐकलं होतं. जिवाणूच्या पोटात घाईघाईनं बनलेलं प्रोटीन गुंता होऊन पडतं, युरिया तो गुंता सोडवून सरळ धागा करतो, आणि मग योग्य पाणी मिळालं की धागा आपली घडी आपणच घालतो. मी विचारलं होतं, त्याला घडी कोण शिकवतं? तुम्ही म्हणालात, "कुणी नाही, मानसिंगभाऊ. सगळे रस्ते तपासत बसला तर विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. पण तो तपासत बसतच नाही, थेट घरी जातो." आणि एका थेंबात असे धागे पृथ्वीवरच्या माणसांहून जास्त. ते सगळे त्या दिवशी आपापल्या घरी पोचले होते आणि समोर काम करून दाखवत होते. मी देवाधर्माच्या वाटेला फारसा जात नाही. पण त्या बशीसमोर पायातलं काढावंसं वाटलं. लॅबमध्ये बूट काढायला बंदी आहे, म्हणून नुसता उभा राहिलो.

मी सगळं नेहमीच्याच पद्धतीनं केलं होतं. वेगळं काहीच नव्हतं. सुनीती मॅडम निखिलची पाठ थोपटून म्हणाल्या, काहींच्या हाताला यश असतं. तो लाजला, पण नाही म्हणाला नाही.

तक्ता तुमचा होता हे तुम्हाला कळावं, म्हणून लिहिलं. उत्तराची अपेक्षा नाही.

तुमचा,
मानसिंग


कोपरखैरणे
२५ जानेवारी २०२५

शुभदा मॅडम,

उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिलं होतं, तरी रोज संध्याकाळी सोसायटीच्या पत्रपेटीत डोकावतो. बायको, उज्वला, म्हणते, "त्या डब्यात लाइट बिलाशिवाय काय नसतंय, किती वाकता?" तिला सगळं सांगितलेलं नाही.

आता वाईट बातमी. निखिलनं तोच प्रयोग परत लावला आणि एकही गोल पडला नाही. परवा पुन्हा लावला, पुन्हा कोरी बशी. सी-सात आणि सी-आठ स्वच्छ आहेत, पण त्यांना काम येत नाही. निखिलचा चेहरा बघवत नाही. "काका, टेन्शन नाय, फ्लूक होता तो," असं मलाच समजावतो आणि स्वतः जेवणाचा डबा तसाच घरी नेतो. सुनीती मॅडमनी दोन नळ्या राखून ठेवायला सांगितल्यात. त्या संपल्या की फाइल खरोखरच बंद.

मी तुमचा तक्ता घरी आणून वाचत बसतो. आधी मला तो वेडेपणा वाटायचा, आठवतं? एका कपात आम्लता बदललीत, मीठ बदललंत, आर्जिनीन घातलंत, ग्लुटाथायोनच्या दोन रूपांचं प्रमाण उलटं केलंत, सगळं एकदम. मी म्हणालो होतो, "एकेक गोष्ट बदला ना मॅडम, म्हणजे कशानं काय झालं ते कळंल." तुम्ही विचारलंत, "घरची आमटी बिघडली तर काय करता?" मी म्हणालो, मी काय करणार, उज्वला करते. "मग उज्वलाताई नुसतं मीठ वाढवून बघतात?" नाही. ती चिंच घालते, पाणी घालते, गूळ टाकते, गॅस वाढवते, सगळं मिळून. "का? कारण आंबट किती ते ठरल्याशिवाय मीठ किती ते ठरत नाही. एकेक बदलत बसलात तर ती चव कधी सापडणारच नाही." मग तुम्ही दाखवलंत, की हजारो आमट्या करण्याऐवजी शहाण्णवच कशा निवडायच्या, की प्रत्येक गोष्टीची दुसरीशी कुठेतरी गाठ पडेल. कोपऱ्यातला कपसुद्धा उगाच नव्हता. मी तीस वर्षं औद्योगिक वसाहतीत काढली, रंगाच्या कारखान्यात पिंप ढवळली, पण एका कागदावर एवढा विचार मांडलेला कधी पाहिला नाही. तेव्हा हे तोंडावर म्हणालो असतो तर बरं झालं असतं.

आणि अशी आखणी सदोष? माझ्या मनाला ते पटत नाही. चार गोल मी ह्या डोळ्यांनी पाहिलेत.

त्या आठवड्यात काय वेगळं होतं ते निखिल शोधतोय. नळी, पाण्याचा प्लांट, कपाटाचं तापमान, सगळं तपासून झालं. मला आठवतं ते एवढंच, की तेव्हा माझी हॉट प्लेट कॅलिब्रेशनला गेली होती. त्याचा संबंध नसावा.

ऑक्टोबरातल्या त्या मीटिंगबद्दलही लिहायचं होतं, पण कागद संपला.

मानसिंग


कोपरखैरणे
९ फेब्रुवारी २०२५

शुभदा मॅडम,

कागद संपला नव्हता. शंभर पानी वही आहे.

हॉट प्लेटचा संबंध आहे. सगळा संबंध तिचाच आहे.

युरिया पाण्यात टाकला की भांडं बर्फासारखं गार पडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. लिटरभराला चारशे ऐंशी ग्रॅम, म्हणजे अर्धं भांडं युरियाच. बाहेरून घाम फुटतो, हात बधिर होतात, आणि तो विरघळतच नाही. नुसतं ढवळत ठेवलं तर अडीच तास. हॉट प्लेटवर साठ अंशांना वीस मिनिटांत काचेसारखा लख्ख. मी अकरा वर्षं तो तापवूनच करतोय. सोमवारी सकाळी आठवड्याचा एकदम करायचा, खडे धरू नयेत म्हणून कोमट ठेवायचा. दहाच्या आत सगळ्यांच्या टेबलावर बाटल्या पोचल्या पाहिजेत हा माझा हट्ट. तुम्ही आलात त्या पहिल्या दिवशी म्हणालात, "इतकं वेळेवर कुणी देत नाही हो, मानसिंगभाऊ." ते मी घरी जाऊन उज्वलाला सांगितलं होतं.

कामाच्या लेखी पद्धतीत, आपण जिला एसओपी म्हणतो तिच्यात, स्पष्ट लिहिलंय: युरिया पंचवीस अंशांच्या वर नेऊ नये, त्याच दिवशी वापरावा. खाली 'वाचले, समजले' म्हणून माझी सही आहे. वाचलं होतं. समजलं नव्हतं. मला वाटायचं, ज्यांच्या हाताला वळण नाही त्यांच्यासाठी असले नियम असतात.

आता समजलं. तापला की युरियातून दुसरंच काहीतरी सुटतं आणि ते प्रोटीनच्या धाग्याला जागोजागी चिकटून बसतं. मग तुम्ही त्याला जगातलं उत्तम पाणी द्या, घडी पडत नाही. तुमच्या तिन्ही प्लेटींत, मॅडम, धागे मी आधीच बिघडवून दिले होते. शहाण्णवातला कुठलाच कप लागणं शक्य नव्हतं. डिसेंबरात हॉट प्लेट नव्हती, म्हणून मी कुरकुरत अडीच तास गार युरिया ढवळला, आणि चार कप लागले. जानेवारीत हॉट प्लेट परत आली, मी परत शहाणा झालो, बशी परत कोरी.

हे नुसतं पुस्तकातून नाही कळलं. परवा मी स्वतः एक प्रयोग केला. आयुष्यातला पहिला. एकाच डब्यातला युरिया, एकच पाणी. एक बाटली गार, त्याच सकाळी केलेली. दुसरी माझी नेहमीची, सोमवारची. एकीवर 'अ' लिहिलं, एकीवर 'ब'. निखिलला म्हटलं, "राखून ठेवलेल्या दोन नळ्या दे, एकेक बाटलीत एकेक सोड, मग नेहमीसारखी प्लेट लाव, आणि मला काय विचारू नको." त्याला वाटलं काकांचं डोकं फिरलं. पण दिल्या त्यानं. चांगला मुलगा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बश्या कपाटातून काढून काळ्या कागदावर ठेवल्या. 'ब' कोरी. 'अ'वर चार गोल, त्याच चार जागी. तुमच्या कागदावर जिथे होते बरोबर तिथेच.

काय वाटलं ते कसं सांगू. मी पकडला गेलो होतो, आणि पकडणारा मीच होतो. पण त्याहून जास्त म्हणजे मी थक्क झालो. डोळ्याला न दिसणारा तो धागा. त्याला माझं वय, माझी अकरा वर्षं, माझं सुंदर अक्षर, कशाशी घेणं नाही. त्याला नीट वागवलं की तो घरी जातो, नाही वागवलं की जात नाही. आणि तुम्ही नुसत्या पेन्सिलीनं, एकही थेंब न सांडता, त्याचं घर कुठे आहे ते कित्येक महिने आधी कागदावर लिहून ठेवलं होतंत. मी बशीकडे बघत राहिलो. निखिल म्हणाला, "काका, बसा. पाणी देऊ?"

आता मीटिंग. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "मानसिंगभाऊ, युरिया कसा केला होता?" साधा प्रश्न, साध्या आवाजात. मी म्हणालो, "एसओपीप्रमाणे." तापवल्यानं काही बिघडतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण मी खोटं बोलतोय हे माहीत होतं. आणि खोटं बोललो म्हणून पारा चढला. "अकरा वर्षं करतोय मी. मला विचारण्यापरीस मॅडमनी आपली आखणी तपासावी." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आठवड्यानं राजीनामा दिलात. तुमच्या बाजूनं बोलेल असा त्या खोलीत मी एकटाच होतो, हे तुम्ही धरून चालला होतात. मीही.

लॅबच्या वहीत चुकलेलं खोडताना एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, "मी सगळं नेहमीच्याच पद्धतीनं केलं होतं. वेगळं काहीच नव्हतं." त्या दोन वाक्यांवर कृपा करून माझ्या वतीनं एक रेघ मारा. मानसिंग बर्गे, ९-२-२५.

अजून सुनीती मॅडमना सांगितलेलं नाही. निवृत्तीला चौदा महिने आहेत. आधी तुम्हाला सांगावं वाटलं. सोमवारी सांगतो.

मानसिंग


कोपरखैरणे
२० फेब्रुवारी २०२५

शुभदा मॅडम,

सोमवारी नाही सांगितलं. मंगळवारीही नाही. बुधवारी उज्वलाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या पोरीनं तुमच्यापायी नोकरी सोडली, आन् तुमी पेटीत वाकून बघताय उत्तर आलं का? काय उत्तर द्यावं तिनं?" मग लाटणं खाली ठेवून म्हणाली, "उद्या सांगून या. तोवर घरात चहा मिळनार न्हाई." ती असं बोलली की करते.

गुरुवारी सुनीती मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. दोन्ही बश्यांचे फोटो, बाटल्यांची लेबलं, सगळं घेऊन. उभ्यानंच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं ओरडतील. त्या हळूच म्हणाल्या, "अकरा वर्षं, मानसिंग? म्हणजे ह्या अकरा वर्षांत आणखी काय काय?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, मॅडम. माझ्या युरियावर आणखी सात कामं झालीत. त्यांतली पाच 'जमत नाही' म्हणून बंद झालीत. ती कुणाची होती, त्या माणसांचं पुढे काय झालं, हे आता एकेक फाइल उघडून बघायचं चाललंय. मी रात्रंदिवस तुमचाच विचार करत होतो. बाकीच्यांची नावंही मला नीट आठवत नाहीत, याची लाज वाटते.

मला द्रावणांवरून काढलंय. लेखी ताकीद मिळाली. आता काचसामान धुण्याच्या खोलीत असतो, मागच्या बाजूला. तक्रार नाही. बीकर कसा धुवायचा हेही नियमात लिहिलेलं आहे आणि मी आता प्रत्येक ओळ वाचतो. निखिल दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच्या हाताचं यशही मी काढून घेतलं होतं ना. तिसऱ्या दिवशी धुण्याच्या खोलीत येऊन म्हणाला, "काका, शुभदा मॅडमची प्लेट होती हे मला पण बोलायला पाहिजे होतं तेव्हा." मग दोघांनी चहा घेतला.

फाइलवरच्या शेऱ्यावर सुनीती मॅडमनी माझ्यासमोर रेघ मारली. एकच. "स्क्रीनची आखणी सदोष" हे अजून वाचता येतं, वाचता आलंच पाहिजे. शेजारी त्यांनी लिहिलं: "आखणी अचूक. युरिया सदोष. प्रयोग अ/ब पाहावा." खाली त्यांची सही, माझी सही. आखणी करणारा, ह्या रकान्यात तुमचं पूर्ण नाव. पाच वेळा प्रयोग पुन्हा झाला, नवीन ढेकळं बनवली, पाचही वेळा चार गोल. जी-अकरा सगळ्यांत मोठा. आम्लता थोडी चढी, आर्जिनीन भरपूर, मीठ जवळजवळ नाही. एकेक बदलत गेलो असतो तर तिथे कधीच पोचलो नसतो.

सुनीती मॅडमनी तुम्हाला ईमेल केली आहे, परत या म्हणून. तुम्ही उत्तर दिलं नाही, असं निखिल म्हणतो. मॅडम, माझी एवढीच विनंती. माझं तोंड बघावं लागेल म्हणून नाही म्हणत असाल, तर तसं करू नका. धुण्याच्या खोलीला मागचं दार आहे. मी त्यानं ये-जा करीन, डबा तिथेच खाईन. चौदा महिन्यांत तुमची माझी गाठ पडणार नाही. तुमच्यासारखी माणसं क्लासमध्ये प्रश्नपत्रिका सोडवून घेत बसली, तर ते धागे घरी कोण पोचवणार? माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. कामाला या, एवढंच.

मानसिंग


कोपरखैरणे
१६ मार्च २०२५

शुभदा मॅडम,

पाकीट मिळालं. पत्रपेटीत मी वाकलो नव्हतो, उज्वलानंच काढलं आणि हातात न देता माझ्या ताटाशेजारी ठेवून दिलं. मी जेवण अर्धवट टाकलं.

आत पत्र नव्हतं. मायना नाही, नमस्कार नाही, खाली सहीसुद्धा नाही. एकच मोठा कागद, चार घड्या घातलेला. नवीन प्रोटीन, नवीन तक्ता, शहाण्णव कप, तुमची पेन्सिल. क्लास सोडणार नाही, पण आखणी घरून करून देईन, असं तुम्ही सुनीती मॅडमना कळवलंत, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. कागद लॅबला न पाठवता माझ्या घरी का पाठवलात, ते मात्र मी कागद पूर्ण उघडल्यावर समजलो. सगळ्यांत खाली, रेघेखाली, दोन ओळी: "सर्व द्रावणे मानसिंग बर्गे यांनी करावीत. दुसऱ्या कुणी केलेली मला चालणार नाहीत."

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. बाहेर आलो, परत वाचलं, परत धुतलं. उज्वला म्हणाली, "काय लिवलंय एवढं?" मी म्हटलं, काम आलंय. ती कागदाकडे बघत म्हणाली, "मग रडताय कशाला?"

काल सुनीती मॅडमना कागद दाखवला. त्यांनी शेवटच्या ओळी दोनदा वाचल्या. म्हणाल्या, "मला हे मान्य नाही, मानसिंग." मी म्हणालो, मलाही नाही. त्या म्हणाल्या, "पण तिची अट आहे. ह्या वेळी मी तिचं ऐकणार आहे." निखिल माझ्या शेजारी उभा राहून थर्मामीटर लावणार, प्रत्येक बाटलीवर दोघांच्या सह्या. मला ते आवडलं. एकट्याच्या सहीचं काय होतं ते मी दाखवून दिलंच आहे.

रविवारचा दिवस, सकाळपासून तुमचा तक्ता घेऊन बसलोय. काय सुंदर मांडलंय. ह्या प्रोटीनला धातू लागतो असं तुम्हाला वाटतंय, ते चौथ्या ओळीत कळलं. आणि लागत नसेल तर तेही कळावं अशी सोय सहाव्या ओळीत करून ठेवलीत. आठवड्याभरात तो धागा काय ते सांगेल, आपल्याला फक्त ऐकायचंय. सत्तावन्नाव्या वर्षी मला सोमवारची वाट बघवत नाही, हसू नका.

आता एक गोष्ट. ती लिहू की नको म्हणून दोन तास बसलोय. मागे सगळ्यांसमोर मी तुमच्या आखणीत चूक काढली, ती खोटी होती. त्यानंतर कुठल्या तोंडानं बोलू? पण गप्प बसलो तरी तेच होईल.

मी प्रत्येक कपातल्या मापांची बेरीज केली. पंच्याण्णव कपांत प्रत्येकी हजार मायक्रोलिटर येते. बी-नऊची अकराशे येते. तीन वेळा केली, निखिलला फोन करून त्याच्याकडूनही करवून घेतली. त्याचीही अकराशे. बहुतेक ग्लिसरॉल दोनदा धरलं गेलंय. पण दुसऱ्यांदाचं काढायचं की पाणी कमी करायचं, हे मला ठरवता येत नाही, आणि अंदाजानं मी आता काही करत नाही. की माझी परीक्षा बघायला मुद्दाम ठेवलंय? तसं असेल तरी सांगा.

उद्या सकाळी सातला वजनाला बसतोय. युरिया गारच होईल, त्यामुळे बाटल्या टेबलावर पोचायला दुपार होईल. पंच्याण्णव कप भरून ठेवतो. बी-नऊ मोकळा ठेवलाय. तुमचं उत्तर आल्याशिवाय मी तो भरणार नाही.

मानसिंग